सहा फोटोंचे एक लोणार

यंदाच्या सहलीत आम्ही लोणारचे सरोवर पाहिले. कापूस वेचणीमुळे वर्गातल्या काहींना येता आले नाही. त्यांना सरोवर अख्खे दाखवायचे असे ठरले होते, म्हणून गुरुजींनी डिजिटल कॅमेरा माझ्या हाती दिला. पण उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद! काठावर उभे राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवावी, तेव्हा कुठे ते संपते. एका फोटोत कसे मावणार? अशा वेळी तुकड्यातुकड्यांनी फोटो काढून ते जोडतात. त्या लांबलचक चित्रास पॅनोरामा म्हणतात.

कॅमेरा उभा धरावा, म्हणजे वरचे आभाळ व खालचे पाणी दोन्ही येते. आमच्या कॅमेऱ्यात असे साधारण ५० अंश मावतात. परंतु प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा एक तृतीयांश भाग पुन्हा घ्यावा लागतो. गोधडी शिवताना कापडाची कड कापडावर घेतात ना, तसेच. म्हणजे पहिले ५० आणि पुढे दर फोटोला नवे ३३ अंश. गणित करून पाहा, १८० अंशांना पाच फोटो पुरतात. आम्ही एक जादा काढला.

पहिली खेप मात्र पार फसली. सूर्याकडचा फोटो काळपट, तर पाठीकडचा पांढुरका. कॅमेरा दर वेळी उजेड आपला आपण मोजतो, त्याचा हा परिणाम. म्हणून चकती 'एम' वर ठेवून उजेडाचे माप एकदाच पक्के करावे. रंगाचे मापही बदलू देऊ नये, आणि झूमला तर मध्येच हातच लावू नये.

दुसरी चूक माझीच. मी हात लांब करून अंगासकट गर्रकन फिरलो, त्यामुळे कॅमेऱ्याची जागाच सरकली. त्याने काय होते? एक डोळा मिटा, अंगठा नाकासमोर धरा आणि मान फिरवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसेल. अगदी तशीच जवळची बाभळीची फांदी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी आली. दूरचा डोंगर जुळला, पण फांदी जुळेना! म्हणून भिंग जागच्या जागी ठेवून आपण त्याच्याभोवती फिरावे. तिकाटणे असल्यास उत्तमच. मध्येच कोणी चालू नये, हेही सांगून ठेवावे. आमचा एक मित्र चालला, तर तो चित्रात दोनदा आला आणि सगळे पोट धरून हसले.

जोडणी शाळेतल्या संगणकावर केली. 'हुगिन' नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो दोन फोटोंतला तोच दगड, तेच झाड शोधून काढतो, फोटो थोडे वाकवून एकावर एक बसवतो आणि जोडाजवळचे रंग एकमेकांत मिसळतो. जोडल्यावर कडा वेड्यावाकड्या होतात, त्या कापाव्या लागतात. म्हणून वर-खाली जागा सोडूनच फोटो काढावा. मोबाईलही हे काम चुटकीसरशी करतो. पण तिथे एक तुकडा बिघडला तर तेवढाच बदलता येत नाही.

दुसऱ्या खेपेचे चित्र वर लावले आहे, आणि त्याखाली मूळ सहा फोटो. तिसऱ्या व चौथ्या फोटोचा जोड शोधा बरे! तिथे फांदी अजूनही थोडी तुटलेलीच आहे.