बाबांचा लघवीचा रिपोर्ट ‘निल’ होता, तरीही...

इयरफोन घरी विसरला असाल तर आजचा एपिसोड इथे वाचून काढा.

माझ्या बाबांना नऊ वर्षं टाईप टू डायबेटिस आहे. दर वर्षी लघवीच्या साध्या तपासणीत एकच ओळ यायची, ‘प्रोटीन: निल’. आम्ही खूश. मागच्या वर्षी नव्या डॉक्टरांनी विचारलं, “एसीआर कधी केली होती?” आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. टेस्ट केली, आकडा आला ७८.

म्हणजे काय? आपल्या किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन या गाळणीतून सहसा खाली उतरत नाही. पण साखर आणि बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की गाळणी बिघडते आणि थोडं थोडं अल्ब्युमिन लघवीत यायला लागतं. सुरुवातीला ते इतकं कमी असतं की साध्या पट्टीला कळतच नाही. एसीआर ते पकडते.

यात अल्ब्युमिनची तुलना क्रिएटिनिनशी करतात. का? तुम्ही दोन तांबे पाणी प्यायलात तर लघवी पातळ होते, दोन्ही गोष्टी सारख्याच पातळ होतात, गुणोत्तर मात्र तेच राहतं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे धोक्याची घंटा. ३०० च्या वर म्हणजे नुकसान बरंच पुढे गेलेलं.

पण एका आकड्यावर घाबरू नका. ताप, लघवीचं इन्फेक्शन, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा दणकून व्यायाम यांनीही आकडा वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन टेस्ट वाढलेल्या आल्या, तरच तो पक्का धरतात. सोबत रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआरही बघतात.

आता डोळ्यांचं काय? डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्याही तितक्याच नाजूक. म्हणून एका ठिकाणी बिघाड दिसला की दुसरीकडेही बघायचं. पण लघवीची टेस्ट डोळ्यांच्या तपासणीची जागा घेत नाही. लघवी नॉर्मल असूनही पडदा खराब असलेले पेशंट असतात.

अल्ब्युमिन दिसायच्याही आधी धोका ओळखता येईल का? युरोपात ‘प्रायॉरिटी’ नावाचा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. टाईप टू असलेल्या, पण अल्ब्युमिन नॉर्मल असलेल्या १,७७५ लोकांच्या लघवीतले प्रोटीनचे बारीक तुकडे तपासले. ज्यांना जास्त धोका सांगितला, त्यांच्यातल्या २८ टक्क्यांना पुढे अल्ब्युमिन जायला लागलं. बाकीच्यांत ९ टक्क्यांना. भविष्य बऱ्यापैकी ओळखलं, पण त्यांनी वापरून पाहिलेल्या स्पायरोनोलॅक्टोन या गोळीने ते टळलं नाही. म्हणून आज तरी आपल्या हातात एसीआरच.

बाबांची दुसरी टेस्टही वाढलेलीच आली. डोळ्यात थेंब घालून पडदा तपासला, तिथे सुरुवातीचे बदल सापडले. त्यांना काहीच त्रास नव्हता, नजर साफ होती! आता किडनीला जपणारी गोळी, बीपी आणि साखरेवर लक्ष, असं सुरू आहे.

टाईप टूचं निदान झालं की त्याच वेळी, आणि मग दर वर्षी, एसीआर आणि डोळ्यांची तपासणी. आज घरी गेलात की आई-बाबांची फाईल उघडा. ‘निल’ बघून थांबू नका, एसीआर शोधा.