लेणी बघताना – ७ : घारापुरीचं दार चुकू नका

मागच्या आठवड्यात आपण वेरूळच्या कैलासात होतो. आज पाण्यातून जायचं आहे. गेटवेवरून लाँच पकडली की तासाभरात घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात. दरवर्षी कुणीतरी पाहुण्यांना घेऊन नेमका सोमवारीच तिथं जातो. धक्क्यावरून छोटी रेल्वे, मग शंभरावर पायऱ्या. दोन्ही बाजूंना माळा आणि टोप्यांची दुकानं. हातात कणीस घेऊन चढू नका, माकडं मागून घेत नाहीत.

पायऱ्या तुम्हाला मुख्य लेण्याच्या उत्तरेच्या दाराशी आणून सोडतात. खांबांच्या रांगांमधून समोर, थेट दक्षिणेच्या भिंतीत, तो प्रसिद्ध त्रिमुखी शिव दिसतो. सगळे मोबाइल सरसावून तिकडेच निघतात. वाटेत उजव्या हाताला चार दारांची एक दगडी खोली लागते. आत शिवलिंग, आणि प्रत्येक दाराशी दोन असे आठ धिप्पाड द्वारपाल. देऊळ आहे ते हे. आणि हे देऊळ पूर्वेकडून पाहायचं असतं. त्या बाजूला अंगण आहे, अंगणात एक गोल चौथरा; नंदी तिथंच बसत असणार. सहाव्या शतकातला भाविक तिथून, सूर्य पाठीशी घेऊन, आत आला की त्याची नजर सरळ लिंगावर जायची. डावीकडच्या भिंतीतला तो भव्य चेहरा त्याला लगेच दिसतही नसे. आपण मात्र आधी चेहरा बघतो आणि लिंगाला वळसा घालून पुढं जातो.

म्हणून माझा आग्रह असा की, आत शिरल्यावर डावीकडं वळून आधी पूर्वेच्या अंगणात जा आणि तिथून पुन्हा आत या.

आता तो चेहरा. त्याला आपण सवयीनं त्रिमूर्ती म्हणतो आणि ब्रह्मा, विष्णू, महेश अशी वाटणीही करून टाकतो. तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. हा सदाशिव, सुमारे साडेपाच मीटर उंच, तोही फक्त छातीपर्यंत. तुमच्या डावीकडचं मुख मिशीवालं, चिडलेलं, हातात नाग: भैरव. उजवीकडचं कोवळं, ओठ भरलेले, हातात कमळ: हे शिवाचंच उमारूप. मधला डोळे मिटून बसलेला. आणि गंमत बघा, उग्र मुखाशेजारच्या चौकटीत अर्धनारीश्वर आहे, तर कोमल मुखाशेजारी गंगा झेलणारा गंगाधर. तिथं पार्वती जराशी तोंड फिरवून उभी आहे. सवत डोक्यावर उतरत असताना आणखी काय करणार!

बाकीच्या शिल्पांचे पाय बहुतेक तुटलेले आहेत. १५३४ साली बेट पोर्तुगिजांकडं गेलं, त्या काळातल्या मोडतोडीच्या या खुणा. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं, तो मात्र आता बेटावर नाही. १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचे तुकडे झाले. पुढं ते जोडले गेले. आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. परतीच्या लाँचनंतर अंगात त्राण उरलं तर त्यालाही भेटून या.

पुढच्या आठवड्यात जोगेश्वरी. तिथंही मूळचं मुख्य दार पूर्वेचंच आहे.