क्रूझ पर्यटनातील मूळ भाडे आणि अतिरिक्त खर्च : प्रवाशाच्या निर्णयप्रक्रियेचे विवेचन

१. प्रस्तावना

समुद्रप्रवास हा महाराष्ट्राच्या किनारपट्टीला नवा नाही. एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीत चाकरमानी वळकटी आणि शिदोरी घेऊन बसत. तिकिटाचे पैसे एकदा दिले की बोट कंपनीशी असलेला आर्थिक व्यवहार संपत असे, कारण त्या प्रवासाचा हेतू गावी पोहोचणे हा होता. आधुनिक क्रूझ जहाज या अर्थाने प्रवासाचे साधन नाही. ते बहुतेक वेळा ज्या बंदरातून निघते त्याच बंदरात परत येते. जहाजावरील वास्तव्य हीच येथे विकली जाणारी वस्तू असते आणि तिकीट काढल्यानंतर आर्थिक व्यवहार संपत नाही, तर खऱ्या अर्थाने सुरू होतो.

अमेरिकेतील मायामी बंदरातून कॅरिबियन समुद्रात जाणाऱ्या सात रात्रींच्या सहली हा या व्यवसायाचा सर्वांत परिचित नमुना होय. परदेशस्थ मुलांकडे गेलेले मराठी पालकही अलीकडे अशा सहलींत दिसू लागले आहेत. जाहिरातीतील भाडे आणि प्रत्यक्षात झालेला खर्च यांतील अंतर पाहून त्यांपैकी अनेकांना ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आठवते. ही म्हण कितपत लागू पडते याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. उद्दिष्टे

१) क्रूझ भाड्याची रचना व तिच्यामागील आर्थिक तर्क स्पष्ट करणे.
२) मूळ भाड्यातील सुविधा व अतिरिक्त शुल्काच्या सुविधा यांतील भेद विशद करणे.
३) प्रवाशाने करावयाचा हिशेब आणि घ्यावयाची व्यावहारिक दक्षता यांचे विवेचन करणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ. स. १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जर्मन जहाज हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या सहलीवर नेण्यात आले. अल्बर्ट बालिन यांच्या या प्रयोगास आधुनिक क्रूझचा आरंभ मानले जाते. तथापि हा व्यवसाय खऱ्या अर्थाने वाढला तो जेट विमानांमुळे. १९५८ नंतर अटलांटिक ओलांडण्यासाठी विमान उपलब्ध झाले आणि प्रवासी जहाजांचे मूळ कामच संपुष्टात आले. तेव्हा जहाजाने माणसाला कोठे न्यावयाचे, यापेक्षा जहाजावर त्याला कसे रमवावयाचे, हा प्रश्न पुढे आला. १९६६ ते १९७२ या काळात नॉर्वेजियन, रॉयल कॅरिबियन व कार्निव्हल या तीन कंपन्या उदयास आल्या. १९७७ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेलेल्या ‘द लव्ह बोट’ या मालिकेने क्रूझची कल्पना मध्यमवर्गाच्या घरात पोहोचविली.

जहाजांचा आकारही वाढत गेला. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर वीस मजले असून प्रत्येक खोलीत दोघे या हिशेबाने ५,६१० आणि कमाल सुमारे ७,६०० प्रवासी सामावतात. एवढ्या लोकसंख्येचे गाव आठवडाभर पाण्यावर राहते आणि तेथील प्रत्येक दुकान, उपाहारगृह व करमणूक यांवर एकाच मालकाचे नियंत्रण असते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

४. द्विस्तरीय किंमत : आर्थिक तर्क

अर्थशास्त्रात ज्यास द्विस्तरीय किंमत म्हणतात तिचे क्रूझ हे उत्तम उदाहरण होय. प्रवेशासाठी एक रक्कम आणि आतील प्रत्येक उपभोगासाठी स्वतंत्र रक्कम अशी ही रचना असते. वॉल्टर ओई यांनी १९७१ मध्ये डिस्नेलँडचे उदाहरण घेऊन तिचे विश्लेषण केले होते. जहाज रिकामे निघाले तरी इंधन, वेतन व कर्जाचे व्याज हे खर्च चुकत नाहीत. रिकाम्या खोलीतून कोणतेही उत्पन्न मिळत नाही. उलट कमी भाड्यात आलेला प्रवासीही जहाजावर खर्च करतो. त्यामुळे भाडे उतरवून खोली भरणे कंपनीच्या हिताचे ठरते.

कार्निव्हल समूहाचे २०२३ या वर्षाचे उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होते. त्यांपैकी सुमारे ७.५ अब्ज डॉलर, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक रक्कम, तिकिटाव्यतिरिक्त मार्गांनी आलेली होती. रॉयल कॅरिबियन समूहाच्या बाबतीतही हे प्रमाण त्या वर्षी तीस टक्क्यांच्या वर होते. याचा अर्थ, अतिरिक्त खर्च हा अपघात किंवा फसवणूक नसून या व्यवसायाचा पायाच आहे.

त्याचबरोबर या रचनेची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. जो प्रवासी मद्य घेत नाही, जुगार खेळत नाही आणि मुख्य भोजनगृहातील जेवणावर समाधानी असतो, त्याच्या स्वस्त भाड्याचा काही भार प्रत्यक्षात खर्चिक सहप्रवासी उचलत असतात. संयमी प्रवाशाला ही रचना तोट्याची नसून लाभाची ठरू शकते. तथापि, आपण त्या वर्गात मोडतो की नाही, हे प्रवाशाने प्रामाणिकपणे ठरविले पाहिजे.

५. समाविष्ट व असमाविष्ट सुविधा

सर्वसाधारणपणे मोठ्या जहाजांच्या मूळ भाड्यात खोली, मुख्य भोजनगृह व स्वयंसेवा पद्धतीचे जेवण, पाणी, साधा चहा-कॉफी, नाट्यगृहातील कार्यक्रम, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा आणि मुलांसाठीचे क्रीडावर्ग यांचा समावेश असतो. मद्य, बाटलीबंद शीतपेये, विशेष उपाहारगृहे, मसाज व सौंदर्योपचार, इंटरनेट, छायाचित्रे, कपडे धुणे, कॅसिनो आणि बंदरावरील सहली यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. काही महागड्या कंपन्या यांतील बरेचसे भाड्यातच धरतात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या मूळ भाड्यांची थेट तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते. एकूण खर्चाची तुलना हीच योग्य होय.

कॅलिफोर्निया राज्यातील नव्या कायद्यामुळे १ जुलै २०२४ पासून प्रमुख कंपन्यांनी अमेरिकेत बंदरशुल्क व कर धरूनच भाडे जाहीर करण्यास प्रारंभ केला. हा पारदर्शकतेच्या दिशेने झालेला बदल स्वागतार्ह आहे. मात्र अनेक मोठ्या कंपन्यांच्या जाहीर भाड्यात दैनिक सेवाशुल्क अद्यापि धरलेले नसते.

६. एक काल्पनिक हिशेब

विषय स्पष्ट होण्यासाठी दोन प्रौढ प्रवाशांच्या सात रात्रींच्या सहलीचे गृहीत आकडे घेऊ. प्रत्येकी ८०० डॉलरप्रमाणे मूळ भाडे १,६०० डॉलर. कर व बंदरशुल्क ३०० डॉलर. दर व्यक्ती दर दिवशी १८ डॉलरप्रमाणे सेवाशुल्क २५२ डॉलर. एका उपकरणासाठी दररोज २० डॉलरप्रमाणे इंटरनेट १४० डॉलर. तीन बंदरांवर प्रत्येकी ७० डॉलरच्या सहली ४२० डॉलर. विशेष उपाहारगृहातील एक भोजन १०० डॉलर. एकूण रक्कम २,८१२ डॉलर होते. म्हणजे मूळ भाडे एकूण खर्चाच्या सुमारे ५७ टक्केच भरते, आणि यात मद्य, विमानभाडे, विमा व आदल्या रात्रीचे हॉटेल धरलेले नाही.

पेयांच्या एकत्रित योजनेचा हिशेबही असाच करून पाहण्यासारखा आहे. योजना दररोज ७० डॉलर अधिक १८ टक्के सेवाशुल्क, आणि सुटे पेय १२ डॉलर अधिक तितकेच शुल्क, असे गृहीत धरल्यास सात दिवसांचे ५७८.२० डॉलर वसूल होण्यासाठी ४१ पेये घ्यावी लागतील. सकृद्दर्शनी हे दिवसाला सहा पेये इतकेच वाटते. परंतु तीन दिवस जहाज बंदरात असते आणि प्रवासी बाहेर असतो. त्या दिवशी दोनच पेये घेतली, तर उरलेल्या चार दिवसांत रोज जवळजवळ नऊ पेये घ्यावी लागतात. शिवाय एकाच खोलीतील एका प्रौढाने योजना घेतल्यास दुसऱ्यानेही ती घेतली पाहिजे, असा नियम अनेक कंपन्या करतात. पती मद्य घेणारा आणि पत्नी न घेणारी असल्यास हिशेब तेथेच कोलमडतो.

७. खर्चाचे मानसशास्त्र

जहाजावर रोख रक्कम सहसा चालत नाही. खोलीची किल्ली असलेले कार्ड दाखवून सही केली की खर्च खात्यावर चढतो आणि बिल अखेरच्या दिवशी हाती येते. उपभोग आणि देय यांच्यात असे अंतर पडल्याने खर्चाची बोच कमी होते. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये विशद केलेली मानसिक लेखांकनाची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. महिनाभराच्या किराण्यात काटकसर करणारी व्यक्ती ‘सहल’ या मानसिक खात्यातून मात्र सैल हाताने खर्च करते.

याच्या जोडीला बुडीत खर्चाचा मोह असतो. पेययोजनेचे पैसे भरले आहेत म्हणून नको असताना पिणे, किंवा एवढ्या दूर आलोच आहोत म्हणून न परवडणारी सहल घेणे, ही त्याची उदाहरणे होत. यावर उपाय साधा आहे: सहलीची एकूण मर्यादा घरीच ठरवावी आणि खात्यावरील रक्कम दररोज रात्री पाहावी.

८. व्यावहारिक दक्षता

खोलीची निवड करताना केवळ किंमत पाहू नये. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील खोली घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. पोहण्याच्या तलावाच्या थेट खाली असलेल्या खोलीत पहाटे खुर्च्या सरकविल्याचा आवाज येतो. एकट्या प्रवाशास पुष्कळदा दोघांचे भाडे द्यावे लागते.

पेटारे बंदरावर सोपविल्यानंतर खोलीपर्यंत येण्यास काही तास लागतात. म्हणून औषधे, चष्मा व पासपोर्ट हातातील पिशवीतच ठेवावेत. भारतीय पासपोर्टधारकाने अमेरिकेचा बहुप्रवेश व्हिसा जवळ ठेवणे सुरक्षित असते, कारण परकीय बंदरांना भेट देऊन जहाज पुन्हा अमेरिकेत प्रवेश करते. जहाजावरील दवाखान्याची बिले मोठी असतात आणि रुग्णास हेलिकॉप्टरने वा विमानाने हलवावे लागल्यास खर्च हजारो डॉलरांत जातो. ज्येष्ठांनी वैद्यकीय स्थलांतर धरलेला विमा घेणे हा येथे ऐच्छिक खर्च मानू नये.

बंदरावर कंपनीची सहल महाग पडते, परंतु तिला उशीर झाल्यास जहाज थांबते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यासाठी ते थांबत नाही, आणि पुढील बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी जहाज खोल पाण्यात नांगरून लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेले जाते. तेथे परतीसाठी अधिक वेळ राखून ठेवावा. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आपत्कालीन कवायत निघण्यापूर्वी वा निघताच घेण्याचा नियम कठोर करण्यात आला. ही कवायत सुट्टीतील व्यत्यय समजून टाळू नये.

९. सेवाशुल्क : काटकसरीची नैतिक मर्यादा

खर्च कमी करू पाहणाऱ्या प्रवाशाचे लक्ष बहुधा प्रथम दैनिक सेवाशुल्काकडे जाते. प्रमुख अमेरिकन कंपन्यांत २०२४-२५ च्या सुमारास हे शुल्क साधारणतः १६ ते २० डॉलर होते, आणि काही कंपन्यांत विनंती केल्यास ते कमी वा रद्दही करता येते. परंतु ही बक्षिसी म्हणजे वेतनावरील शोभेची भर नव्हे. खोली आवरणारे व जेवण वाढणारे सेवक यांच्या उत्पन्नाचा तो एक मुख्य भाग असतो. बहुतेक जहाजे बहामा, पनामा, माल्टा यांसारख्या देशांचा ध्वज लावतात. त्यामुळे अमेरिकेतील किमान वेतनाचे नियम तेथे लागू होत नाहीत. २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आलेल्या सागरी श्रम करारानुसार कामाची मर्यादा सात दिवसांत ७२ तास इतकी आहे. यावरून या श्रमाचे स्वरूप ध्यानात येते.

या सेवकांत भारतीयांची, विशेषतः गोमंतकीयांची संख्या लक्षणीय आहे. गोव्यात ‘तारवटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वर्गाच्या कमाईवर अनेक कुटुंबांची घरे उभी राहिली आहेत. पेय, छायाचित्र वा विशेष भोजन नाकारणे ही काटकसर होय. सेवाशुल्क नाकारणे म्हणजे आपला खर्च दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय. म्हणून हे शुल्क ऐच्छिक खर्चात न धरता मूळ भाड्याचाच भाग समजून हिशेब करणे उचित ठरते.

१०. भारतीय संदर्भ

हा विषय आता केवळ परदेशापुरता राहिलेला नाही. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ या भारतीय कंपनीने मुंबईहून गोवा व अन्य ठिकाणी सहली सुरू केल्या. त्यासाठी वापरलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० चे असून पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होते. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून ‘क्रूझ भारत मिशन’चा प्रारंभ झाला आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. जहाजासोबत किमतीची रचनाही येते. त्यामुळे भारतीय ग्राहकालाही एकूण किंमत प्रारंभीच कळावी, ही अपेक्षा रास्त आहे.

११. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, क्रूझचे मूळ भाडे ही किंमत नसून किमतीचा पहिला हप्ता आहे. अतिरिक्त खर्चांचे तीन गट करावेत. कर, सेवाशुल्क व विमा हे अपरिहार्य. इंटरनेट व किनाऱ्यावरील सहली हे गरजेनुसार. पेययोजना, कॅसिनो व विशेष भोजन हे आवडीनुसार. पहिला गट भाड्यात मिळवून मगच दोन सहलींची तुलना करावी. असे केल्यास कोंबडी व मसाला यांचे प्रमाण प्रवाशाला आधीच कळते. मसाला किती घालावयाचा हा निर्णय मग जहाजावरील रोषणाईत नव्हे, तर घरी शांतपणे घेतला जाईल.