टकलावरील औषधें आणि त्यांचे उपद्रव

मालाडांत भाड्यानें राहून नोकरी करणाऱ्या तरुणांमध्यें एक समजूत पक्की रुजलेली आहे. ती ही कीं, गांवीं असतांना केस दाट होते आणि मुंबईचें पाणी लागतांच ते गळूं लागले. दोष कधीं नळाच्या पाण्यास, तर कधीं सोसायटीच्या टाकींत ओतल्या जाणाऱ्या टँकरच्या क्षारयुक्त पाण्यास दिला जातो. अशा पाण्यानें केस राठ होतात हें खरें. परंतु कपाळाचे दोन्ही कोन मागें सरकणें आणि माथा विरळ होणें हें पाण्याचें काम नव्हे. ज्या वयांत माणूस नोकरीसाठीं शहर गांठतो त्याच वयांत आनुवंशिक टक्कल आपली चाहूल देतें. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडतात आणि बिचाऱ्या पाण्यावर आळ येतो.

ही समजूत स्वतः कोणाचें नुकसान करीत नाहीं. नुकसानीचा संभव असतो तो पुढच्या पायरीवर. तेलें आणि साबण बदलून झाल्यावर तरुण औषधाच्या दुकानाकडे वळतो, किंवा फोनच्या पडद्यावर चार प्रश्नांचीं उत्तरें देतो, आणि मिनॉक्सिडिलची बाटली व फिनास्टेराइडच्या गोळ्या घरीं येतात. हीं औषधें निरुपयोगी नाहींत. उलट ह्या व्याधीवर खरोखर गुण देणारीं जीं मोजकीं औषधें आहेत त्यांत हींच प्रमुख होत. पण जें गुण देतें तें शरीरांत कांहींतरी घडवितें, आणि तें घडणें केसाच्या मुळाशींच थांबेल असें नाहीं.

मिनॉक्सिडिल हें मूळचें केसांचें औषध नव्हेच. इतर उपायांनीं न हटणाऱ्या रक्तदाबावर तें गोळीच्या रूपानें 1979 सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरविणें हें त्याचें काम. तें घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर आणि हातांवर लव वाढूं लागली, आणि जो उपद्रव म्हणून नोंदला गेला तोच पुढें व्यापाराचा विषय झाला. 1988 सालीं डोक्यास लावावयाच्या शेंकडा 2 प्रमाणाच्या द्रावास तेथील सरकारची मान्यता मिळाली. आज सर्वत्र मिळणारा शेंकडा 5 चा द्राव त्याचाच धाकटा भाऊ.

हा द्राव सुरू केल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत केस उलट अधिकच गळतात. विसावा घेणारीं मुळें एकदम जागीं होऊन जुन्या केसांस ढकलून देतात, एवढेंच त्याचें कारण. पण तें आधीं कोणी न सांगितल्यामुळें कित्येकजण घाबरून बाटली फेकून देतात. गुण दिसावयास चारएक महिने लागतात, आणि औषध सोडलें कीं जवळजवळ तितक्याच अवधींत मिळविलेले केस परत जातात. हा सौदा एका बाटलीचा नव्हे, जन्माचा आहे. कोणाच्या टाळूस खाज सुटते, कोणाची त्वचा कोरडी पडते. अलीकडे कांहीं डॉक्टर हेंच औषध अत्यल्प मात्रेच्या गोळीनें देतात. तेव्हां मात्र पावलांस सूज, छातींत धडधड किंवा उठतांना घेरी हे प्रकार संभवतात, कारण शरीराच्या लेखीं ती अजूनही रक्तदाबाचीच गोळी असते.

द्राव बाहेरून लावावयाचा म्हणून तो सर्वस्वी निर्धोक, ही कल्पना एका तान्ह्या बाळानें खोटी ठरविली. 2023 सालीं स्पेनमधील नव्हारा प्रांतांत एका बाळाच्या अंगावर विलक्षण लव वाढल्याचें नोंदलें गेलें. त्याचा बाप डोक्यास मिनॉक्सिडिल लावीत असे, आणि रजेवर असल्यामुळें महिनाभर बाळाचा सांभाळ त्यानेंच केला होता. बापाचें औषध थांबतांच लव नाहींशी झाली. युरोपांत असे आणखीही कांहीं प्रसंग आढळल्यानें 2024 सालीं माहितीपत्रकांत तशी सूचना घालण्याचें ठरलें. जेथें आईबाप आणि मूल एकाच खोलींत, पुष्कळदां एकाच उशीवर निजतात, त्या मुंबईच्या घरांत ही सूचना विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लावल्यावर हात धुवावे, द्राव वाळल्यावांचून आडवें होऊं नये, उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. घरांत मांजर असेल तर अधिकच जपावें. ह्या औषधाचा अल्पसा अंशही मांजरास प्राणघातक ठरतो.

फिनास्टेराइडची कथा ह्याहून चमत्कारिक आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकांतील सालिनास ह्या गांवीं जन्मतः मुली समजून वाढविलेलीं कांहीं मुलें वयांत येतांच पुरुष होत. डॉ. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1974 सालीं त्याचें कारण प्रसिद्ध केलें. टेस्टोस्टेरोन ह्या पुरुषी अंतःस्रावाचें अधिक प्रखर द्रव्यांत रूपांतर करणारें एन्झाइम त्या मुलांत दुबळें होतें. अशा पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथि लहान राही आणि त्यांस टक्कलही पडत नसे. तेंच एन्झाइम औषधानें दाबावें, ह्या विचारांतून फिनास्टेराइड निपजलें; 1992 सालीं 5 मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठीं आली व 1997 सालीं 1 मिलिग्रॅमची टकलासाठीं.

दोन वर्षांच्या चाचणींत ती घेणाऱ्यांपैकीं शेंकडा 83 जणांचे माथ्यावरील केस टिकले, निरौषधी गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा 28 जणांचेच. पण जें द्रव्य माथ्यावरचा केस खुरटवितें तें पुरुषाच्या इतर व्यवहारांतही भाग घेतें. पहिल्या वर्षीं कामेच्छा मंदावणें, शिथिलता अशा तक्रारी शेंकडा 3.8 जणांनीं केल्या. निरौषधी गोळीवर असलेल्यांत हें प्रमाण 2.1 होतें. बहुतेकांची तक्रार गोळी सोडल्यावर मिटली; कांहींची मिटली नाहीं, आणि 2012 सालीं अमेरिकेंत तसें माहितीपत्रकावर छापावें लागलें. मे 2025 मध्यें युरोपच्या औषध संस्थेच्या समितीनें आत्मघाताचे विचार हाही ह्या गोळ्यांचा उपद्रव असल्याचें मान्य केलें. तिनें तपासलेल्या नोंदींपैकीं 313 ह्या औषधाच्या होत्या. औषध घेणारे लक्षावधि असल्यानें हा आंकडा लहान दिसेल. पण दिसावें कसें ह्याच्या चिंतेनें जो गोळी घेतो, त्याचें मन आधींच हळवें असतें.

मन स्वतःही उपद्रव निर्माण करूं शकतें. इटलींत 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, प्रोस्टेटच्या ज्या रोग्यांस लैंगिक उपद्रवांची पूर्वसूचना दिली त्यांपैकीं शेंकडा 43.6 जणांनीं तक्रार केली, न दिलेल्यांपैकीं शेंकडा 15.3 जणांनीं. ह्यावरून सांगूंच नये असा निष्कर्ष काढणारे वैद्य आहेत. तो ग्राह्य नाहीं. ज्यास ठाऊक आहे तो गोळी थांबवून डॉक्टरांकडे जातो. ज्यास ठाऊक नाहीं तो नवविवाहित तरुण दोष स्वतःला किंवा पत्नीला देत राहतो.

शिवाय सारें गळणें एका जातीचें नसतें. पावसाळ्यांत डेंग्यूनें आजारी पडलेल्याचे केस दोन-तीन महिन्यांनीं मुठीनें येतात व पुढें आपोआप भरतात. त्यानें मध्यंतरीं बाटली आणली, तर श्रेय बाटलीस जातें आणि ती सोडण्याचें धैर्य त्यास होत नाहीं. जानेवारी 2025 मध्यें बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत कित्येक गांवांतील लोकांस, मुलांसुद्धां, चार-सहा दिवसांत टक्कल पडलें, तेव्हांही प्रथम संशय पाण्यावरच गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं शोध घेतला तों रेशनच्या गव्हांत सेलेनियम अतोनात आढळलें. त्या लोकांस बाटली देऊन काय झालें असतें? तेथें गहूं तपासणारा हवा होता.

फिनास्टेराइड घेणाऱ्यानें कांहीं गोष्टी न विचारतां सांगाव्या. ह्या गोळीनें प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीं होणाऱ्या रक्तपरीक्षेचा आंकडा जवळजवळ निम्मा होतो, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांस तिची कल्पना द्यावी. गर्भवतीनें फुटलेली गोळी हाताळूं नये, कारण पुत्रगर्भाच्या अवयवांस अपाय संभवतो. ह्याच कारणासाठीं अमेरिकेंतील रक्तपेढ्या शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त घेत नाहींत. दोन्ही औषधें एकाच बाटलींत मिसळूनही विकलीं जातात; तेथेंही हें सारें लागू आहे.

औषधांच्या उपद्रवांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतांत 2010 सालापासून चालू असून, 1800-180-3024 ह्या विनामूल्य क्रमांकावर रोगी स्वतःही तक्रार कळवूं शकतो. त्या वेळीं औषधाचें नांव, वेष्टनावरील बॅच क्रमांक आणि औषध सुरू केल्याची तारीख विचारली जाते, म्हणून औषध चालू असेपर्यंत वेष्टन टाकून देऊं नये.