चार खटक्यांचा नाद

24 जुलै 1885 रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या डॉज सिटी गावातून बॅट मास्टरसन नावाच्या इसमाने कोल्ट कंपनीला एक पत्र धाडलं. कागद ऑपेरा हाउस सलूनचा, म्हणजे गावातल्या गुत्त्याचा. मास्टरसन कधी शेरिफ, कधी जुगारी आणि उतारवयात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राचा क्रीडालेखक. त्याला .45 चं रिव्हॉल्व्हर हवं होतं, पण दुकानात मिळतं तसलं नको होतं. निकेलचा मुलामा हवा, मूठ गटापर्चाची हवी, चाप हलका हवा. पुढची माशी नेहमीपेक्षा जरा उंच आणि जाड हवी आणि नळी आखूड हवी, रिकामं काडतूस बाहेर ढकलायच्या सळीइतकीच.

जुनी सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरं हुडकून घ्यायची आणि ती आपल्या हाताला बेतून घ्यायची, असा नाद असलेली हजारो माणसं आज अमेरिकेत आहेत. त्यांच्यात एक भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. जुन्या वस्तूला कानस लावावी की ती जशी हाती आली तशीच जपावी? हात लावू नये म्हणणाऱ्यांना मास्टरसनचं हे पत्र चांगलंच अडचणीचं आहे. ज्या काळातल्या वस्तूला ते ‘अस्सल’ म्हणून जपतात, त्या काळातलं गिऱ्हाईकच कारखान्याला सांगत होतं की तुमचा माल मला आहे तसा चालणार नाही.

सिंगल-ॲक्शनचा कारभार साधा आहे. अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, की चक्र एक घर पुढे सरकतं. मग चाप दाबायचा, की घोडा काडतुसावर आपटतो. चाप एवढं एकच काम करतो. दर गोळीला घोडा पुन्हा ओढावाच लागतो. पुढच्या डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता चाप दाबला तरी दोन्ही कामं होतात. सिंगल-ॲक्शनचा मानदंड म्हणजे कोल्ट कंपनीचं 1873 चं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’. त्याच्या रचनेत विल्यम मेसन या कारागिराचा मोठा हात होता. अमेरिकी लष्कराने ते त्याच वर्षी स्वीकारलं. घोडदळाला साडेसात इंची नळी, पुढे तोफखान्याच्या नावाने ओळखली जाणारी साडेपाच इंची, आणि साध्या नागरिकाला पावणेपाच इंची. मास्टरसनने मागितली ती हीच शेवटची.

हे कोल्ट हातात घेऊन घोडा सावकाश ओढला तर चार खटके ऐकू येतात. पहिल्या खटक्याला घोड्याची चोच काडतुसापासून जेमतेम अलग होते. दुसऱ्याला घोडा अर्ध्यावर थांबतो आणि चक्राला धरून ठेवणारी कडी खाली जाते. आता चक्र मोकळं फिरतं आणि बाजूची झडप उघडून एकेक काडतूस भरता येतं. तिसरा खटका ती कडी परत चक्रावर येऊन टेकल्याचा. चौथ्याला घोडा पुरता ताणला जातो. हौशी मंडळी म्हणतात की या चार खटक्यांत कोल्टची चार इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. ‘शोले’त गब्बर तीन गोळ्या हवेत उडवून चक्र गरकन फिरवतो, तसं करायला या कोल्टचा घोडा आधी अर्ध्यावर ओढून धरावा लागेल.

शस्त्र म्हणून ते लवकरच मागे पडलं. 1892 मध्ये लष्कराने .38 चं डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर घेतलं. पुढे फिलिपिन्सच्या लढाईत त्याची गोळी कमजोर पडते असं दिसल्यावर गोदामातली जुनी .45 पुन्हा बाहेर काढावी लागली, पण तो तात्पुरता इलाज होता. 1940 पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक नग बनवून कोल्टने उत्पादन थांबवलं. महायुद्धात कारखान्याला दुसरी कामं होती, आणि ते संपल्यावर हे म्हातारं मॉडेल पुन्हा काढायची कंपनीची इच्छा नव्हती.

ते परत आलं टेलिव्हिजनमुळे. पन्नासच्या दशकात अमेरिकेत घरोघर काऊबॉयच्या मालिका लागल्या आणि पडद्यावर दिसणारं रिव्हॉल्व्हर बाजारात मात्र नवं मिळेना. ही फट बिल रूगर या बंदूक-कारखानदाराने हेरली. त्याने 1953 मध्ये .22 चं ‘सिंगल-सिक्स’ आणि 1955 मध्ये .357 मॅग्नमचं ‘ब्लॅकहॉक’ काढलं. ब्लॅकहॉकची किंमत साडेसत्त्याऐंशी डॉलर. कोल्टला जाग आली आणि 1956 मध्ये तिने आपलं जुनं मॉडेल सव्वाशे डॉलरला परत आणलं. रूगर नुसती नक्कल करून थांबला नव्हता. कोल्टमध्ये पाट्याच्या स्प्रिंगा होत्या आणि त्यातली चक्र ढकलणाऱ्या खिळीची बारीक स्प्रिंग ऐन वेळी तुटण्याबद्दल बदनाम होती. रूगरने त्या काढून वेटोळ्याच्या तारेच्या स्प्रिंगा घातल्या. कोल्टच्या पाठीवरची ओबडधोबड खाच जाऊन नेम धरताना वरखाली करता येईल अशी खाच आली.

ही कल्पना मात्र कारखान्यात जन्मली नव्हती. तिच्यामागे एल्मर कीथ नावाचा काऊबॉय आहे. जन्म 1899 चा, पुढे आयडाहोतल्या सॅमन गावी स्थायिक, रुंद टोपी, तोंडात सिगार आणि बंदुकांवर भरमसाट लिखाण. 4 जुलै 1925 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हवेत बार काढताना त्याच्या हातातल्या .45 कोल्टच्या चक्राचा वरचा भाग आणि चौकटीची वरची पट्टी उडाली. बोटं शाबूत राहिली हे नशीब. .45 चं काडतूस जाड, त्यामुळे चक्रातल्या घरांच्या भिंती पातळ. कीथला दारू ठासून भरायची सवय. त्याने धडा घेतला तो दारू कमी करण्याचा नव्हे! तो .44 स्पेशलकडे वळला. काडतूस किंचित बारीक, म्हणून भिंत किंचित जाड.

1928 मध्ये पेनसिल्व्हेनियाहून हॅरल्ड क्रॉफ्ट नावाचा असाच एक वेडा बॅगभर रिव्हॉल्व्हरं घेऊन ओरेगनमधल्या कीथच्या रॅंचवर आला. कोल्टची चौकट वरून सपाट करून तिच्यावर सरकती खाच बसवायची, एका मॉडेलची मूठ दुसऱ्याला जोडायची, असे प्रयोग त्याने केलेले होते. कीथने त्यातलं पटलं ते उचललं, स्वतःच्या कल्पना घातल्या आणि वेगवेगळ्या कारागिरांकडून एक रिव्हॉल्व्हर बनवून घेतलं. क्रॉफ्टची चार होती, म्हणून कीथच्याला नाव पडलं ‘नंबर पाच’. सपाट माथा, रुंद घोडा, हस्तिदंती मूठ. 1929 मध्ये ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात त्याने त्यावर लेख लिहिला आणि ‘आता यापुढे काही नाही’ अशा अर्थाचा मथळा दिला. झालं उलटंच. तेव्हापासून माणसं आपापलं ‘नंबर पाच’ बनवत सुटली आहेत.

त्यांना कच्चा माल पुरवला रूगरने. 1955 ते 1972 या काळातल्या ब्लॅकहॉकच्या चौकटीवर बाजूला तीन स्क्रू दिसतात, म्हणून त्यांना ‘थ्री-स्क्रू’ म्हणतात. .357 ची चौकट कोल्टच्याच मापाची, म्हणजे हाताला बेताची. सत्तरच्या दशकात स्कीटर स्केल्टन या लोकप्रिय लेखकाने लिहिलं की हिचं चक्र .44 स्पेशलला मोठं करून घ्या आणि नळी बदला, याहून सोयीचं रिव्हॉल्व्हर नाही. तेव्हापासून स्वस्तात मिळणारी थ्री-स्क्रू कारागिरांच्या बाकावर जाऊ लागली. अखेर 2009 मध्ये रूगरने स्वतःच .44 स्पेशलचं सपाट माथ्याचं ब्लॅकहॉक बाजारात आणलं. हौशी माणसांनी पदरचे पैसे घालून तीसहून अधिक वर्षं केलं ते कंपनीने तेव्हा कुठे केलं.

कारागीर नेमकं करतो काय? बरंचसं काम डोळ्यांना दिसतच नाही. घोडा ताणला की चक्रातलं घर नळीसमोर अगदी सरळ येऊन थांबलं पाहिजे. त्यासाठी झिजलेली खिळी आणि कडी बदलायची. चक्र पुढेमागे हलत असेल तर तो खेळ काढायचा. घराचं तोंड नळीच्या मापाशी जुळतं का ते बघायचं. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे 1956 नंतरच्या, अनेक कोल्टमध्ये .45 चं तोंड नळीपेक्षा सैल असतं आणि नेम जातो. मग चापाची धार. हे काम दगडावर घासून होतं, आणि जरा जास्त घासलं तर धक्क्याने घोडा सुटतो. हौशी माणसाने या एका कामात स्वतः हात घालू नये असं जाणकार बजावतात आणि हौशी माणूस नेमका तिथेच हात घालतो.

दिसणारं काम म्हणजे रंग. जुन्या कोल्टची चौकट निळ्या, तपकिरी, वाळक्या गवतासारख्या छटांनी ढगाळ दिसते. तो रंग वरून लावलेला नसतो. चौकट हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात दडपून बंद डब्यात तांबडीलाल तापवतात. कोळशातला कार्बन पोलादाच्या कातडीत शिरतो. मग डबा खळखळत्या हवेच्या बुडबुड्यांच्या पाण्यावर उपडा करतात. पाणी दिलं की कातडी कठीण होते, आतला गाभा मऊ राहतो आणि पाणी, हवा आणि कोळसा जिथे जसे भिडले तिथे तशी छटा उमटते. दोन चौकटी कधी सारख्या येत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या टर्नबुल यांच्या कारखान्याने मागे पडलेली ही पद्धत पुन्हा नावारूपाला आणली. मात्र रंग नाजूक आहे, उन्हात राहिला तर विटतो. म्हणून जुन्या रिव्हॉल्व्हरवर उरलेला रंग टक्क्यांत मोजतात आणि किंमतही त्याप्रमाणे ठरते.

मुठीचं प्रकरण वेगळंच. पुढे अमेरिकी जनरल झालेल्या पॅटनने 1916 मध्ये घेतलेलं नक्षीदार कोल्ट हस्तिदंती मुठीचं होतं. त्याला कोणी मोत्याच्या शिंपल्याची मूठ म्हटलं की तो भडकत असे. आता 2016 पासून अमेरिकेत आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार जवळपास बंद आहे. दुसरी मानाची मूठ शिंगाची, आणि तिच्यासाठी सगळ्यांना हवं असतं आपल्याकडचं सांबरशिंग. ताडोबात पर्यटक वाघाची वाट बघताना ज्याच्याकडे दुर्लक्ष करतात तेच सांबर. शिंग दरवर्षी गळतं, आतून भरीव असतं आणि वरची खरबरीत साल हाताला पकड देते. भारताने 1998 मध्ये त्याची निर्यात बंद केली. जुना साठा ज्याच्याकडे आहे तो भाव सांगेल तो.

यातलं काही आपल्याकडे रुजणं शक्य नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच शस्त्रं ठेवता येतात. अमेरिकेतला संघराज्याचा कायदा उलट टोकाचा. 1898 किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र बहुतेक बाबतीत पुराणवस्तू धरलं जातं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन नगांत वर्षभराच्या अंतराने कायदा बदलतो आणि क्रमांकावरून साल शोधणं हा संग्राहकांचा जोडधंदा होतो. पैसे भरले की जुन्या नोंदवह्या पाहून कोल्टकडून पत्र मिळतं: हा क्रमांक अमुक दिवशी अमुक दुकानाला गेला, नळी इतकी, मुलामा असा. शेरिफ पॅट गॅरेटने कुख्यात गुंड बिली द किडला ज्या कोल्टने मारलं ते ऑगस्ट 2021 मध्ये बोनॅम्सच्या लिलावात 60 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. त्यात पोलादाची किंमत नगण्य, सगळी किंमत कागदपत्रांची आणि गोष्टीची.

हात लावावा की नाही या भांडणात माझं मत सरळ आहे. पहिल्या पिढीचं, मूळ रंग शिल्लक असलेलं कोल्ट ज्याने नव्याने चकाकून घेतलं त्याने ते बिघडवलं. आपल्याकडे जुन्या जावा-येझदीचा मूळ रंग खरवडून वर झगमगीत रंग मारणारे असतात, त्यातलाच हा प्रकार. पण कोणीतरी आधीच कापलेलं, गंजलेलं कोल्ट किंवा लाखोंनी बनलेलं थ्री-स्क्रू चांगल्या कारागिराच्या हाती गेलं तर त्याचं सोनं होतं.

जिथे मला ही मंडळी कळेनाशी होतात ती जागा वेगळी आहे. चार खटक्यांमधला पहिला खटका सुरक्षेचा म्हणायचा, पण त्याची घोड्यातली खाच इतकी नाजूक आहे की रिव्हॉल्व्हर खाली पडलं आणि घोड्यावर मार बसला तर ती मोडून गोळी सुटू शकते. म्हणून जुना रिवाज सहा घरांत पाचच काडतुसं भरण्याचा. एक भरायचं, एक घर सोडायचं, पुढची चार भरायची, घोडा पुरता ताणून हलके खाली सोडायचा, म्हणजे तो बरोबर रिकाम्या घरावर येतो. जानेवारी 1876 मध्ये विचिटाच्या एका गुत्त्यात बसलेल्या वायट अर्पचं रिव्हॉल्व्हर पट्ट्यातून निसटून पडलं आणि उडालं. गोळी त्याच्या कोटातून छताकडे गेली. हा नेमबाजीसाठी आजवर पुजला जाणारा माणूस! 1987 मध्ये स्थापन झालेली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी काऊबॉयच्या वेशात आणि टोपणनावांनी नेमबाजीच्या स्पर्धा भरवते. बरेच जण तिथे इटलीत बनलेल्या नकला घेऊन येतात, पण अस्सल असो वा नक्कल, पाचच्या वर गोळ्या भरू देत नाहीत.

रूगरने 1973 मध्ये यावर पक्का उपाय काढला. घोडा आणि काडतूस पेटवणारी टाचणी यांच्यामध्ये एक पट्टी ठेवली. चाप दाबलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा मार टाचणीपर्यंत पोचवते. सहाही घरं भरून रिव्हॉल्व्हर पडलं तरी काही होत नाही. झडप उघडली की चक्र मोकळं होतं, घोडा अर्ध्यावर ओढायची गरज नाही, त्यामुळे जुने खटकेही गेले. 1982 पासून कंपनी जुन्या थ्री-स्क्रूमध्येही अशीच पट्टी फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग पिशवीत घालून मालकाला परत पाठवते.

नळी कापायला, चक्र पोखरायला, मूठ बदलायला, माथा सपाट करायला तयार असलेली ही माणसं या एका फुकटच्या बदलाला नको म्हणतात. चाप जड होतो, खटका बोथट ऐकू येतो आणि मूळपण जातं, ही त्यांची कारणं. पहिलं कारण खरं आहे, दुसरंही असेल. तिसरं मात्र कीथचं नाव घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. बाजाराचं गणितही त्यांच्याच बाजूचं आहे. विक्रीच्या जाहिरातीत ‘बदल न केलेलं’ असं आवर्जून लिहितात आणि बदललेलं असेल तर मूळ भागांची पिशवी सोबत आहे का हे आधी विचारतात. पिशवी नसेल तर किंमत पडते. असेल तर घेणारा पुष्कळदा घरी नेऊन पहिलं काम करतो ते कंपनीची पट्टी काढून जुने भाग परत बसवण्याचं.