थकलेल्या रानाचा हिशेब

बेसिंगस्टोकला राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्या महिन्यातच किटलीचा विषय निघतो. आत पांढरा थर चढतो, चहावर एक पापुद्रा तरंगतो, आणि भारतातून आलेल्या सासूबाई विचारतात की साहेबाच्या देशात पाणीसुद्धा धड नाही का? तो थर चुनखडीचा. आपले गाव हॅम्पशरच्या चॉकवर, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीवर वसले आहे. तिच्यावरची माती बहुतेक ठिकाणी वीतभर जाडीची आणि गारगोट्यांनी भरलेली. तरीही ओव्हरटनच्या रस्त्याने जुलैत गाडी काढली, तर दोन्ही बाजूंना गहू आणि जव दाटून उभा असतो. पुढच्या जुलैत गेलात तरी पुन्हा धान्यच.

ही माती थकत कशी नाही, हा प्रश्न मला पडतो त्याला कारण आहे. वाळवा तालुक्यात आमचे चार एकर काळे रान आहे. त्यात गेली तीस वर्षे ऊस, त्याचा खोडवा, कधी निडवा, आणि पुन्हा ऊस. पूर्वी अडसालीला एकरी साठ टन उतारा पडायचा, आता चाळिशी गाठताना दमछाक होते. धाकट्या भावाचे फोनवर एकच वाक्य असते, "दादा, रान थकलंय." त्यापुढे न बोललेले वाक्य असे, की गिऱ्हाईक आले आहे, दोन एकर देऊन टाकू. थकले म्हणजे नेमके काय झाले, हे समजल्याशिवाय त्याला हो किंवा नाही म्हणणे मला जमेना.

या प्रश्नावर पहिला मोठा गोंधळ आपल्या शेजारीच घातला गेला आहे. इथून गाडीने तासाभराच्या आत, हंगरफोर्डजवळ शालबर्नला, जेथ्रो टल (१६७४ ते १७४१) शेती करत असे. बी पेरणारे यंत्र काढणारा तो हाच. (आपल्याकडे पाभर त्याच्या कितीतरी आधीपासून होती, पण ते असो.) टलचे म्हणणे असे, की मुळे मातीचे बारीक कणच खातात, म्हणून माती घोड्याच्या कोळप्याने सतत भुसभुशीत ठेवली की खताची गरज नाही. १७३१ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. शेणखत न घालता एकाच रानात सलग तेरा वर्षे गहू काढून दाखवल्याचा त्याचा दावा होता. पीक खरेच आले असेल. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात नत्र साठलेले असते. कोळपणीने हवा खेळली की जिवाणू ते मोकळे करतात. टल व्याजावर नव्हे, मुद्दलावर जगत होता. तेरा वर्षे मुद्दल पुरले, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच्या शेजाऱ्यांची रीत मात्र वेगळी होती. चॉकच्या टेकड्यांवर दिवसा मेंढ्या चरवायच्या आणि रात्री त्या नांगरटीच्या रानात कुडाने कोंडायच्या. टेकडीवरचे गवत अशा रीतीने लेंडीखत होऊन खाली उतरे. आपल्याकडे उन्हाळ्यात धनगराला धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवतात, तोच हा प्रकार. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे आणि ती विसरली जाते. हे खत आभाळातून पडत नाही, ते कुठल्यातरी माळावरून आलेले असते.

या सगळ्याचा हिशेब वहीत मांडून पाहिला तो रॉथॅमस्टेडने. हर्टफर्डशरमधले हार्पेन्डन इथून दीड तासावर आहे. तिथे जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने १८४२ साली हाडे आणि खनिज फॉस्फेटवर आम्लाची प्रक्रिया करून सुपर फॉस्फेट बनवण्याचे पेटंट घेतले. पुढल्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्याने ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गहू पेरला. १८४३ च्या शरदातली ती पेरणी. तेव्हापासून त्या शेतात, निदान त्याच्या काही भागात, दरवर्षी गहू आहे. एका पट्ट्याला आजतागायत काहीच खत नाही. एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत. बाकीच्यांना नत्र, स्फुरद, पालाश यांची निरनिराळी मिश्रणे. दाणे, काड आणि माती यांचे नमुने तिथे बाटल्यांत जपून ठेवले आहेत.

मला सर्वांत थक्क करतो तो उपाशी पट्टा. पावणेदोनशे वर्षे उलटूनही तो मेलेला नाही. हेक्टरी साधारण एक टन गहू देतोच. पावसाबरोबर उतरणारे थोडे नत्र, शेवाळाने धरलेले थोडे, झिजणाऱ्या खनिजांतून सुटणारे थोडे, यांवर तो तगून आहे. म्हणजे माती 'संपत' नाही. जितके येते तितकेच देण्याइतकी ती खाली उतरते आणि तिथे थांबते. शेजारच्या पट्ट्यांत शेणखताचा गहू आणि पुरेशा रासायनिक खताचा गहू शंभराहून अधिक वर्षे जवळपास बरोबरीने चालला. पिकाला नत्र शेणाचे की पोत्यातले, याचे सोयरसुतक नाही. मातीला मात्र आहे. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब उपाशी पट्ट्याच्या दुपटीहून बराच वर गेला, रासायनिक पट्ट्यांचा फारसा वाढला नाही.

आणखी एक गंमत. अमोनियम सल्फेटसारखे खत माती आंबट करते. रॉथॅमस्टेडच्याच पार्क ग्रास या गवताळ रानात ते इतके झाले, की काही पट्ट्यांचा सामू चारच्याही खाली गेला. ब्रॉडबॉकला शंभर वर्षे काही झाले नाही, कारण लॉजच्या आधीच्या शेतकऱ्यांनी जमिनीखालचा चॉक उकरून गाड्याच्या गाड्या रानात पसरला होता. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. ती शिल्लक विसाव्या शतकाच्या मध्यावर सरली, आणि मग पुन्हा चॉक घालावा लागला.

मराठी वाचकाला जवळचा एक धागाही इथून निघतो. या नोंदींचा अर्थ लावायला १९१९ साली रोनाल्ड फिशर यांना तिथे नेमले गेले आणि शेतीच्या प्रयोगांचे आधुनिक संख्याशास्त्र तिथे घडले. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे लंडनला शिकून तीच विद्या घेऊन परतले. त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी लिहिलेले १९५४ चे पुस्तक कृषी महाविद्यालयांत आजही नुसते 'पानसे-सुखात्मे' म्हणून ओळखले जाते.

पण हिशेब जुळला म्हणजे सगळे जुळले असे नाही, हेही ब्रॉडबॉकनेच दाखवले. १९६८ पासून शेताच्या काही भागांत फेरपालट सुरू झाली. खत तेच, वाण तोच. पण मध्ये दुसरी पिके घेऊन आलेला गहू सलग गव्हापेक्षा हेक्टरी टनभर, कधी त्याहून अधिक देतो. कारण मुळांत आहे. टेक-ऑल नावाची बुरशी गव्हाची मुळे काळी पाडते, आणि गव्हावर गहू घेतला की ती बळावते. तीन-चार वर्षांनी तिला रोखणारे जिवाणू वाढून ती ओसरते, पण पुरती जात नाही. आपले शेतकरी याला एका शब्दात बसवतात: बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीचा वाईट, असे माझी आजी म्हणे. त्यात नुसते नत्र नसते. आधीच्या पिकाने मुळांभोवती मागे ठेवलेले सगळे बरेवाईट असते.

आता उसाकडे. गव्हाच्या एक टन दाण्यात सुमारे २० किलो नत्र असते. हेक्टरी ८ टन निघाले की १६० किलो गाडीत बसून गेले. उसाचे गणित जरा चमत्कारिक आहे. साखर ही निव्वळ कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे हवा आणि पाणी. साखरेच्या पोत्यातून आपल्या जमिनीचे जवळजवळ काहीच जात नाही! जाते ते उसाच्या रसाबरोबर कारखान्यात: स्फुरद बराचसा प्रेसमडमध्ये उरतो, पालाश मळीत आणि तिथून डिस्टिलरीच्या सांडपाण्यात. ऊस नत्रापेक्षाही पालाश जास्त उचलतो. आपल्या काळ्या जमिनी मुळात पालाशाने श्रीमंत, म्हणून कोणी ते मनावर घेतले नाही. मळीपासून काढलेल्या पोटॅशला २०२१ साली खत म्हणून अनुदान मिळाले; ही उशिराची परतफेड म्हणायची.

दुसरी गळती पाचटाची. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र धरले तरी ४० ते ५० किलो होते, शिवाय तीन-साडेतीन टन कर्ब. काडी लावली की पालाश राखेत राहतो, नत्र आणि कर्ब धुरातून जातात. तोड झाली की रान मोकळे दिसावे, खोडव्याला पाणी लवकर देता यावे, म्हणून ती काडी लागते. खत महाग झाल्याची तक्रार करणाऱ्याच्याच रानात ती लागते, हे मला कधी उलगडलेले नाही.

तिसरी गोष्ट युरियाची. एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांचे अनुदान ठरावीक झाले आणि भाव वाढले. युरियाचा भाव सरकारने बांधूनच ठेवला. शेतकरी स्वस्त पोते उचलणार, यात त्याचा काय दोष? ऊस हिरवागार दिसतो, पण ज्या घटकाची सर्वांत जास्त तूट असते तोच उतारा ठरवतो. चुनखडीच्या रानात तर लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही; पाने शिरांमध्ये पिवळी-पांढरी पडतात, त्याला गावाकडे केवडा पडला म्हणतात. आपल्या किटलीतली आणि भावाच्या रानातली चुनखडी एकाच कुळातली.

आणि जास्तीचे नत्र कुठे जाते? इथे चॉकमधून ते पाण्याबरोबर वर्षाला सुमारे एक मीटर या गतीने खाली झिरपते. आपल्या गावात उगम पावणाऱ्या लॉडन नदीला किंवा ॲशजवळच्या टेस्टला पाणी पुरवणाऱ्या झऱ्यांत कित्येक दशकांपूर्वी टाकलेले खत आज उतरते आहे. वाळव्यात पाण्याची गोष्ट उलटी. पाटाने दिलेले जादा पाणी खाली निचरत नाही, क्षार वर आणते, आणि रान क्षारपड होते. शिरोळ तालुक्यात अशा जमिनींखाली सच्छिद्र पाइप घालून त्या पुन्हा पिकाखाली आणल्या आहेत. हा रोग थकव्याहून निराळा, आणि खर्चही निराळा.

म्हणून विक्रीआधी मातीची तपासणी करून घेतली. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, सामू ८.३, लोह आणि जस्त कमी, पालाश मध्यम. क्षार मर्यादेत. म्हणजे रान उपाशी आहे, बुडालेले नाही.

आपल्यापैकी अनेकांची नावे अजून सातबाऱ्यावर आहेत आणि जमीन वर्षाच्या बोलीवर खंडाने दिलेली आहे. वर्षाचा खंड भरणाऱ्याने शेणखत कशासाठी घालावे? ते त्याला परत मिळायला तीन-चार वर्षे लागतात. आमच्या चुलत भावाचे दोन एकर असेच होते. आता ते आम्ही पाच वर्षांच्या बोलीवर दिले आहेत, थोड्या कमी खंडाने. अटी दोनच: पाचट पेटवायचे नाही, सरीत कुट्टी करून ठेवायचे, आणि निडवा न घेता खोडव्यानंतर ताग गाडून हरभरा करायचा. भावाच्या दोन एकरांत यंदा तेच करायचे ठरते आहे. हरभऱ्याच्या हंगामात उसाचे बिल येणार नाही, ती तूट मी इथून भरावी असे वहिनींचे म्हणणे आहे, आणि ते मला रास्त वाटते. गिऱ्हाइकाला भावाने दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे.