आधी नळीच्या आत बघा

सांबऱ्यात किंवा निपाणीकडे माळ्यावर पडलेली जुनी काळी सायकल नीट करायची म्हटली की आधी रंग आठवतो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी यावा. बेळगाव पट्ट्यात जूनपासून चार महिने पाऊस. पाणी सीटच्या दांड्यालगत नळीत शिरतं आणि पायडलच्या ॲक्सलभोवती, सर्वांत खाली साचतं. म्हणूनच वरून चकचकीत दिसणारी फ्रेम आतून खाल्लेली असू शकते. ॲक्सल काढून बॅटरी मारावी, नळीवर हलकेच ठोकावं. पापुद्रे गळले, आवाज बद्द आला, तर पत्रा पातळ झालाय. तरी घाबरू नये. या फ्रेमच्या नळ्या सांध्यांत बसवून पितळेचा डाग दिलेला असतो. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, पोलाद १,४०० च्या पुढे, त्यामुळे चांगला कारागीर एखादी नळी सोडवून बदलू शकतो.

एवढ्या खर्चात नवी सायकल येईल, असं कुणी म्हणेल. येईलही, दोन-तीन नळ्या गेल्या असतील तर हट्ट सोडावा. दुसरी शंका जास्त वजनदार: जुना रंग ठेवला तर खालून गंज पसरणार नाही का? पण गंजाला ओल आणि हवा दोन्ही लागतात. उघड्या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य द्रावण, मग धुणं, पूर्ण वाळवणं आणि लगेच मेण, एवढ्यावर तो आटोक्यात राहतो. सँडब्लास्टिंगने मात्र गंजाबरोबर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघाही जातात. पावडर कोटिंग करायचंच असेल, तर गंज रोखायला नळीत सोडायचं तेल नंतर सोडावं. आधी सोडलं तर भट्टीत ते सांध्यांतून झिरपतं आणि तिथे रंग धरत नाही.